नोकरीतली पाठराखीण

मुलगी पहिल्यांदा सासरी निघाली, की पूर्वी तिच्यासोबत पाठराखीण जायची. नव्या घरात कोणाशी कसं वागावं, हे ती हळूच सांगायची. आज मूर्तिजापूरची लेक बँकेत अधिकारी होते, तेव्हा मात्र ती एकटीच असते. शाखेत दुसरी बाई अधिकारी असेलच, असं नाही.

खरी कसोटी लागते ती बढतीच्या वेळी. बढतीपाठोपाठ बदली येते. अकोला, बडनेरा रेल्वेने गाठता येतं, मुंबई-चेन्नईचं काय? मुलांची शाळा, सासूबाईंचं दुखणं... 'पुढच्या वेळी बघू' म्हणून ती अर्जच करत नाही. ही पुढची वेळ अनेकींच्या वाट्याला येतच नाही.

अरुंधती भट्टाचार्य २०१३ साली स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. बदलीनंतर मुलीच्या शाळेपायी त्याही नोकरी सोडायला निघाल्या होत्या. एका ज्येष्ठाच्या सल्ल्यामुळे त्या थांबल्या. पण असा सल्ला नशिबावर का सोडावा?

याचा धडा आपल्या बचत गटांत आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे 'माविम'ने, गावोगावच्या गटांसाठी 'सहयोगिनी' नेमल्या. सहयोगिनी त्याच भागातली असते. ती हिशेबाची वही तपासते, बैठक कशी चालवावी ते दाखवते, बँकेच्या पायऱ्या चढताना सोबत राहते. मात्र निर्णय गटातल्या बायकांनीच घ्यायचा.

कचेऱ्यांनीही हेच करावं. नव्या अधिकारी बाईला दुसऱ्या शाखेतली अनुभवी व्यक्ती जोडून द्यावी. ती बाईच हवी, असं नाही. पण तिचा गोपनीय अहवाल लिहिणारा साहेब नको. त्याच्यापुढे अडचण कोण बोलेल? भेट महिन्यातून एकदा, कामाच्या वेळेत व्हावी. संध्याकाळी तिला घरचा स्वयंपाक असतो. वर्षाअखेर भेटी मोजण्यापेक्षा किती जणींनी बढतीचा अर्ज केला, ते पाहावं.

अर्थात, नुसत्या सल्ल्याने पाळणा हलत नाही. २०१७ साली पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सक्ती आली. आठ-दहा जणांच्या शाखेला तिचा काय उपयोग? तिथे घरच्यांनाच पुढे यावं लागतं. बढतीचं पत्र आलं, की 'पोरांचं कसं होणार?' हा प्रश्न बाईच्या नवऱ्यालाही विचारला जावा. निदान त्या प्रश्नाचं उत्तर दोघांनी मिळून शोधावं.