नातवंडांच्या व्हिडिओ गेमला आपल्या अनुभवाचे भांडवल

अभियांत्रिकी, वैद्यक आणि वाणिज्य यांच्या पंगतीत आता 'गेम डिझाइन' हा विषयही येऊन बसला आहे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू केंद्रात त्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो आणि महाराष्ट्रातील काही खासगी विद्यापीठांतही तो शिकवला जातो. तेव्हा एखाद्या संध्याकाळी आपली नात शेजारी येऊन म्हणेल, "आजी, सत्राचा प्रकल्प करायचाय. व्हिडिओ गेमसाठी एखादी कल्पना सुचव ना." अशा वेळी बहुतेक ज्येष्ठांच्या तोंडून एकच उत्तर बाहेर पडते, "मला मेलीला त्यातलं काय कळतंय?"

हे उत्तर घाईने देऊ नये. संगणकाला आज्ञा कशा द्याव्यात, चित्रे कशी हलवावीत हे तिला महाविद्यालयात शिकवले जाईल. तिची अडचण त्याआधीची आहे. खेळ कशाविषयी असावा, हेच तिला ठरवता येत नाही. वर्गातील सगळ्यांनी साधारण तेच खेळ खेळलेले असतात, म्हणून सगळ्यांना सुचतेही साधारण तेच: तलवार, मोटारींची शर्यत, भुताने झपाटलेला वाडा. जगून पाहिलेल्या अडचणींचा साठा मात्र त्यांच्यापाशी अजून झालेला नसतो. तो आपल्यापाशी आहे.

आजारपणातून जन्मलेला खेळ

अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००५ साली 'क्लाउड' नावाचा एक छोटा खेळ तयार केला. त्यात रुग्णालयात पडून असलेला एक मुलगा स्वप्नात आकाशात उडतो, ढग गोळा करतो, त्यांना आकार देतो आणि पाऊस पाडतो. शत्रू नाही, बंदूक नाही. या चमूतील जेनोव्हा चेन हा विद्यार्थी मूळचा शांघायचा. लहानपणी दम्यामुळे त्याला वारंवार रुग्णालयात राहावे लागे, आणि त्या दिवसांच्या आठवणींतून या खेळाची कल्पना आली. पुढे त्याने सहकाऱ्यांसह स्वतःची संस्था काढली. त्यांचा २०१२ मधील 'जर्नी' हा खेळ जगभर नावाजला गेला.

खाटेवर पडून छताकडे पाहत काढलेले दिवस हे त्या विद्यार्थ्याचे भांडवल ठरले. असे दिवस आपल्यापैकी अनेकांनी काढले आहेत, आणि कुणाच्या तरी उशाशी बसून तर त्याहून अधिक.

विषय वेगळा, खेळ वेगळा

कल्पना सुचवताना एक भेद ध्यानात ठेवावा. 'पाऊस' हा विषय झाला, त्यातून खेळ होत नाही. "पाऊस येण्याआधी गच्चीवरचे वाळवण उचलायचे" असे म्हटले की खेळ सुरू होतो. कुरडयांना किती ऊन लागते, पापड किती वेळात कडक होतात, कावळे कोणत्या कोपऱ्यातून येतात, ढग कोणत्या दिशेने भरून आले की धावायचे, हे सारे आजीला ठाऊक असते. खेळाडूला करण्यासारखे काम, आड येणारी अडचण, नियम आणि हार-जीत, या चारही गोष्टी त्या एका गच्चीवर सापडतात.

म्हणून नातवंडाला आठवण सांगून झाली की एक प्रश्न जरूर विचारावा: "यात खेळणाऱ्याने नेमके करायचे काय?" उत्तरात क्रियापद आले, म्हणजे उचलणे, शोधणे, वाट पाहणे, सावरणे, जुळवणे, तर कल्पना धरून ठेवावी. क्रियापद येत नसेल तर ती आठवण गोष्ट म्हणून सुंदर असेल, पण खेळासाठी तिला अजून घडवावे लागेल.

हे आपल्याला परके नाही. सारीपाटात दान आपल्या हाती नसते, चाल असते. सागरगोट्यांत सारा भरवसा नजर आणि हात यांच्या मेळावर. मोक्षपटात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. परंपरा या पटाचा संबंध संत ज्ञानेश्वरांशी जोडते. नियमांमधून जगण्याचा विचार सांगण्याची ही रीत आपण लहानपणीच हाताळली आहे. ती रीत नातवंडापुढे पट मांडूनच दाखवावी. व्याख्यानापेक्षा ते लवकर उमजते.

बैठक कशी घालावी

ज्याला इंग्रजीत ब्रेनस्टॉर्मिंग म्हणतात ते विचारमंथन रूढ केले अमेरिकेतील जाहिरात व्यवसायातील ॲलेक्स ऑस्बर्न यांनी. १९५३ मधील आपल्या पुस्तकात त्यांनी चार नियम सांगितले: सुचलेल्या कल्पनेवर लगेच टीका करू नये, विचित्र वाटणाऱ्या कल्पनेलाही मज्जाव नसावा, कल्पनांची संख्या वाढू द्यावी आणि दुसऱ्याच्या कल्पनेत आपली भर घालावी. पुढे १९५८ मध्ये येल विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की, माणसांनी वेगवेगळे बसून काढलेल्या कल्पना एकत्र केल्या तर त्यांची संख्या गटात बसून काढलेल्या कल्पनांहून अधिक भरते. सर्वांदेखत बोलताना माणूस बिचकतो, शिवाय एक बोलत असताना दुसऱ्याला थांबावे लागते.

ज्येष्ठांना हे विशेष लागू पडते. ऐकू कमी येत असेल, शब्द आठवायला वेळ लागत असेल, तर चार तरुणांच्या गलबल्यात आपले म्हणणे मागे राहून जाते. म्हणून आधी प्रत्येकाने वही घेऊन पंधरा मिनिटे एकट्याने लिहावे. लिहिणे जमत नसेल तर नातवंडाने फोनवर ध्वनिमुद्रण करावे. मग एकत्र बसून वाचावे. वेळ आपल्या सोयीची असावी. पुष्कळांना सकाळची न्याहारी झाल्यावर तरतरी असते. बैठक अर्ध्या-पाऊण तासाहून लांबवू नये आणि दूरदर्शनसंच बंद ठेवावा.

सुरुवात अडली तर एखादा आवाज, वास किंवा वस्तू मधे ठेवावी. 'ग्लोबल गेम जॅम' हा ४८ तासांत खेळ तयार करण्याचा जगभर चालणारा उपक्रम २००९ साली सुरू झाला. २०१३ मध्ये त्यात सहभागी झालेल्यांना विषय म्हणून शब्द दिलाच नाही, हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवला. त्या एका आवाजातून निरनिराळे खेळ निघाले. आपल्या घरात जात्याचा खुंटा, गिरणीच्या भोंग्याची आठवण, औषधांचा डबा, किल्ल्यांचा जुडगा, काहीही चालेल.

घरात सापडणाऱ्या काही कल्पना

पुढील कल्पना नमुन्यादाखल आहेत. आपल्या घरात याहून सरस सापडतील.

सकाळचा फेरफटका. घरापासून बागेपर्यंत जायचे आहे. उखडलेली फरशी, आडवी लावलेली दुचाकी, लवकर बदलणारा सिग्नल आणि बसायला बाक नाही. दमसास पुरवून वाट ठरवायची. तरुण खेळाडूला दहा मिनिटांत कळेल की आजोबा अमुक रस्त्याने का जात नाहीत.

औषधांचा डबा. एक गोळी जेवणाआधी, दुसरी जेवणानंतर, तिसरी एक दिवसाआड. त्यात पाहुणे येतात, वीज जाते, डबा दुसऱ्याच खोलीत राहतो. गोंधळ न होता दिवस पार पाडायचा.

चाळीचा नकाशा. डोळे मिटून केवळ आवाजांवरून आपण कुठे आहोत ते ओळखायचे: सार्वजनिक नळ, जिन्याची कुरकुरणारी पायरी, समोरच्या खोलीतली शिवणयंत्राची घरघर.

आज आई कोणत्या काळात आहे? हा खेळ शुश्रूषा करणाऱ्यांचा. स्मृतिभ्रंश झालेली आई संध्याकाळी म्हणते, "मला घरी जायचंय." ती बसली आहे स्वतःच्याच घरात. "हेच तुझं घर" असे बजावले तर ती अधिक अस्वस्थ होते. "घरी कोण कोण वाट पाहत असेल?" असे विचारले तर ती बोलू लागते, हळूहळू शांत होते. प्रत्येक उत्तरामागे वेगळी संध्याकाळ. वाद न घालता मन दुसरीकडे वळवणे ही शुश्रूषेतली मोठी शिकवण आहे, आणि जी माणसे ती रोज आचरतात त्यांच्याइतके ते कुणालाच ठाऊक नसते.

या शेवटच्या कल्पनेला एक पथ्य आहे. घरातल्या आजारी माणसाचे नाव, छायाचित्र किंवा आवाज प्रकल्पात घेण्याआधी त्यांना समजेल अशा शब्दांत विचारावे. त्यांना सांगता येत नसेल तर ओळख पटणार नाही इतका तपशील बदलावा. हसे होईल असे काहीही ठेवू नये.

आपली बोटे, आपले डोळे

कल्पना ठरल्यावर विद्यार्थी बहुधा आधी कागदावरचा कच्चा खेळ करतात. पुठ्ठा, सोंगट्या आणि चिठ्ठ्या एवढ्यात भागते. तो खेळून पाहायला आपण जरूर बसावे. पडद्यावरचा खेळ तयार झाला की पुन्हा बसावे आणि जे अडते ते मोकळेपणाने सांगावे.

वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते, त्यामुळे निळा आणि हिरवा हे रंग एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात. करड्या पार्श्वभूमीवरची फिकट अक्षरे वाचवत नाहीत. उंच पट्टीतले आवाज आधी ऐकू येईनासे होतात, म्हणून बारीक 'टिंग' आवाजाची सूचना कानापर्यंत पोहोचत नाही. बोटांची त्वचा कोरडी पडली की स्पर्शपडदा कधी कधी दाद देत नाही आणि हात कापत असेल तर लहान बटण चुकते. "मला जमत नाही" असे म्हणण्याऐवजी "हे बटण लहान आहे" असे म्हणावे. पहिल्या वाक्याने नातवंडाला वाईट वाटेल, दुसऱ्याने त्याचा खेळ सुधारेल.

खेळात उभे राहून हालचाल असेल तर जवळ भक्कम खुर्ची हवी, पायाखाली सरकणारी सतरंजी नको आणि चक्कर आल्यास तिथेच थांबावे. गुडघा, हृदय किंवा तोल यांची तक्रार असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

खेळाला औषध म्हणू नये

उत्साहाच्या भरात विद्यार्थी लिहितात, "हा खेळ विस्मरण थांबवतो." तिथे वडीलधाऱ्यांनी त्यांना अडवावे. अमेरिकेत ल्युमॉसिटी या मेंदूच्या खेळांच्या उत्पादकांनी असे दावे केले होते. पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचा ठपका तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने ठेवला आणि २०१६ साली हे प्रकरण २० लाख डॉलर भरून मिटवावे लागले.

याचा अर्थ खेळ निरुपयोगी असा नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी मुद्दाम रचलेला 'न्यूरोरेसर' हा खेळ ६० ते ८५ वयाच्या व्यक्तींना महिनाभर खेळायला दिला. एकाच वेळी दोन कामांकडे लक्ष देण्याची त्यांची क्षमता वाढली आणि सहा महिन्यांनीही ती टिकलेली आढळली. हे संशोधन २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पण ते त्या एका खेळापुरते होते. २०१६ मधील 'सी हीरो क्वेस्ट' या फोनवरील खेळात नकाशा लक्षात ठेवून नाव हाकायची असे. दिशा हरवणे हे अल्झायमरचे एक आरंभीचे लक्षण असल्याने, निरोगी माणसे वाट कशी शोधतात हे संशोधकांना समजून घ्यायचे होते. ४० लाखांहून अधिक लोकांनी तो खेळला. त्या खेळाने कुणाला बरे केले नाही, अभ्यासाला मदत केली. विद्यार्थ्याने आपल्या खेळाविषयी इतकेच प्रामाणिकपणे लिहावे: तो कुणासाठी आहे, त्यातून काय अनुभवता येते आणि कुणी कुणी खेळून पाहिला.

फिरणे, व्यायाम आणि चार माणसांत बसणे यांची जागा पडद्याने घेऊ नये, हेही ओघाने आलेच. पासष्टीनंतर आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तेव्हा या पंधरवड्यात एक वही काढा. दिवसभरात जिथे अडले, जिथे वेळ लागला, जिथे युक्ती करावी लागली, ते रात्री एका ओळीत लिहा. शुश्रूषा करणाऱ्यांनीही आपली वेगळी ओळ लिहावी. पुढच्या वेळी "आजी, कल्पना सुचव ना" असा प्रश्न आला की ती वही नातवंडापुढे ठेवा, आणि प्रत्येक ओळीपाशी विचारा: यात खेळणाऱ्याने करायचे काय?