कराल दंत : योग्य वयात योग्य सल्ला

दंतरोग म्हटले की कृमिदंत, दंतहर्ष, दंतशर्करा यांकडे आपले लक्ष प्रथम जाते, कारण रुग्ण त्यांची तक्रार घेऊन येतो. वेडेवाकडे दात बहुधा दुखत नाहीत. त्यामुळे पालक ते दाखवीत नाहीत आणि उपचाराचे वय निघून जाते.

शास्त्रविचार
वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात ‘कराल’ व ‘अधिदंत’ यांची दंतरोगांत गणना केली आहे. माधवनिदानात दंताश्रित वायू हळूहळू दात विकट करतो, असे सांगून कराल असाध्य मानला आहे. हा निर्णय त्या काळी उपलब्ध असलेल्या साधनांपुरता समजावा. दातावर सौम्य व सतत दाब दिल्यास दाबाच्या बाजूचे हाड झिजते, विरुद्ध बाजूस नवे हाड तयार होते आणि दात सरकतो. तारांच्या उपचाराचे तत्त्व हेच आहे. कोणतेही दंतमंजन, तैल वा गुटी हे कार्य करू शकत नाही.

केव्हा पाठवावे?
सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा ऑर्थोडॉन्टिस्टकडून तपासणी व्हावी. या वयात दुधाचे व कायमचे दात एकत्र दिसतात आणि जबड्याची वाढही चालू असते. दातांची गर्दी, पुढे आलेले दात, खालचे दात वरच्यांच्या पुढे येणे, तोंड मिटल्यावरही पुढच्या दातांत फट राहणे, ही लक्षणे पाहावीत. अंगठा चोखणे, तोंडाने श्वास घेणे आणि किडीमुळे दुधाची दाढ अकाली पडणे, ही कारणे आवर्जून विचारावीत. वारंवार प्रतिश्यायासाठी येणाऱ्या मुलाचे तोंड सदैव उघडे असेल, तर नाक व घशाचीही तपासणी करून घ्यावी.

तेरखेड्यासारख्या गावी
फटाक्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या तेरखेड्यासारख्या गावात मूल ताप-खोकल्यासाठी प्रथम जवळच्या वैद्याकडेच येते. दंत महाविद्यालय मात्र लातूरला, शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला. उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो व दर चार ते आठ आठवड्यांनी जावे लागते. मजुरी करणाऱ्या पालकांचा प्रत्येक खेपेस रोज बुडतो. म्हणून कालावधी, खर्च व खेपा यांची कल्पना आरंभीच द्यावी. उपचार अर्धवट सोडल्यास दात पुन्हा सरकतात. तारा काढल्यानंतरही रिटेनर वापरावाच लागतो.

औषधविक्रेत्यांसाठी
तारा बसविलेल्या मुलास खरखरीत मंजन वा मिश्री देऊ नये. मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट द्यावी आणि प्रत्येक जेवणानंतर चूळ भरण्यास सांगावे. चरकोक्त तैलगंडूष मुखस्वास्थ्यासाठी पूरक आहे. तथापि तो तारांच्या उपचाराचा पर्याय नव्हे.

कराल दंत सरळ करणे हे आपल्या चिकित्सेचे क्षेत्र नसले, तरी ते वेळेत ओळखणे निश्चितच आहे. मुलाची जिव्हापरीक्षा करताना क्षणभर दातांकडेही पाहिले, तरी हे कार्य साधते.