गोठलेल्या भूमीवरील चराई

रशियाच्या उत्तरेस, सैबेरियाच्या पश्चिम भागी, कारा समुद्रात शिरलेले यामल नावाचे द्वीपकल्प आहे. ज्यास वृक्ष म्हणावे असे तेथे जवळजवळ काही उगवत नाही. अशा त्या टुंड्राप्रदेशात नेनेत्स लोक पिढ्यान्‌पिढ्या रेनडियरांचे कळप राखीत आले आहेत, आणि ते कळप लाखांनी मोजावे इतके मोठे आहेत. तेथे जनावर जगते कसे, हा प्रश्न दावणीस चार गुरे असलेल्या कोणासही सहज पडेल.

ती भूमी खाली खोलवर बारमाही गोठलेली असते; उन्हाळ्यात वरचा थोडासा थर काय तो सुटतो. पाऊस व हिम मिळून वर्षाचे पाणी बेताचेच. परंतु खालचे बर्फ ते मुरू देत नाही, म्हणून उन्हाळ्यात जिकडे तिकडे दलदल. वनस्पतींची मुळे त्या उथळ थरातच पसरतात. वाळुंजासारखी झाडेही खुजी होऊन जमिनीस बिलगतात, कारण हिमाच्या पांघरुणाबाहेर डोकावणारी डहाळी वाऱ्याने करपून जाते.

हिवाळ्यातील मुख्य चारा म्हणजे एक प्रकारचे दगडफूल. आपल्या मसाल्यातील दगडफुलाचेच हे भाऊबंद. शेवाळ व बुरशी यांच्या सहवासाने ते बनते. त्याची वाढ वर्षास काही मिलिमीटर, त्यामुळे एकदा उजाड झालेले कुरण सावरण्यास कित्येक वर्षे जातात. सबब नेनेत्स एका जागी राहत नाहीत. उन्हाळ्यात डास चुकवीत ते उत्तरेस समुद्राकडे जातात व हिवाळ्यात दक्षिणेस रानाच्या कडेला उतरतात. आमच्या मते कुरणास विसावा देण्याची ही रीत कोणत्याही पुस्तकी नियमापेक्षा पक्की आहे.

रेनडियरचे केस आतून पोकळ असल्याने ऊब टिकते, आणि हिमाखालचा चारा हुंगून तो खुरांनी उकरून काढतो. कडक थंडीने त्याचे फारसे बिघडत नाही. घात करते ती अवेळी आलेली ऊब.

नोव्हेंबर २०१३ मध्ये यामलवर पाऊस पडला व पाठोपाठ कडाक्याची थंडी आली. भिजलेल्या हिमाचे घट्ट बर्फ झाले आणि चारा त्याखाली कोंडला गेला. खुरांनी ते कवच फुटेना. त्या हिवाळ्यात सुमारे ६१,००० रेनडियर उपासमारीने मेले. २००६ मध्येही अशाच आपत्तीत सुमारे २०,००० गेले होते. उत्तरेकडील समुद्रावरील बर्फ त्या दोन्ही शरदांत फार घटले होते, आणि उघड्या पाण्याची वाफ पाऊस होऊन भूमीवर आली, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. ज्यांचे कळप संपले त्यांच्याजवळ तंबू ओढून नेण्यासही जनावर उरले नाही. मासे धरून त्यांनी पोट भरले, आणि पैदाशीची जनावरे उसनी आणून पुन्हा प्रारंभ केला.

दुसरा घाला २०१६ च्या उन्हाळ्यात पडला. तेव्हा उष्मा ३५ अंशांपर्यंत चढला आणि फाशीची साथ उद्भवली. आपल्या गुरांस होणारी फाशी ती हीच. तिचे बीज मातीत अनेक दशके टिकते. गोठलेली जमीन सुटल्याने ते वर आले असे मानले जाते. २,००० हून अधिक रेनडियर मेले व एक बालकही दगावले. १९४१ नंतर साथ दिसली नव्हती, म्हणून २००७ मध्ये लस टोचणे थांबविले होते. साथीनंतर ते पुन्हा सुरू करण्यात आले.