लोकचळवळींची बदलती साधने

कोणत्याही लोकचळवळीला दोन कामे करावी लागतात. आपले म्हणणे लोकांपर्यंत पोचवून त्यांना एकत्र आणणे हे पहिले काम होय. एकत्र आलेल्या लोकांना मागणी मान्य होईपर्यंत, आणि मान्य झालेल्या मागणीची अंमलबजावणी होईपर्यंत, एकत्र ठेवणे हे दुसरे. भारतात गेल्या शंभर वर्षांत पहिल्या कामाची साधने पार बदलून गेली. दवंडी, हस्तपत्रक, साप्ताहिक, सायक्लोस्टाइल केलेली बातमीपत्रे यांच्या जोडीला, आणि पुष्कळदा त्यांच्या जागी, मोबाइल फोन व समाजमाध्यमे आली. दुसरे काम मात्र आजही जवळजवळ तितकेच संथ व कष्टाचे राहिले आहे. एका पिढीच्या आंदोलनांची दुसऱ्या पिढीच्या आंदोलनांशी तुलना करताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

पायी चालणारा निरोप

दांडीयात्रा सामान्यतः आठवली जाते ती मूठभर मिठासाठी. परंतु संघटनेच्या दृष्टीने तिची पूर्वतयारी अधिक उद्बोधक आहे. १२ मार्च १९३० रोजी महात्मा गांधी ७८ सहकाऱ्यांसह साबरमती आश्रमातून निघाले आणि सुमारे ३८५ किलोमीटर चालून ५ एप्रिलला दांडीस पोचले. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची ‘अरुण टुकडी’ यात्रेच्या पुढे जात असे. मुक्कामाची सोय पाहण्याबरोबरच ही टुकडी प्रत्येक गावची लोकसंख्या, चरख्यांची संख्या, गाई-म्हशी, शेतसारा आणि मिठाचा खप यांची माहिती गोळा करी. त्यामुळे गांधीजींना सभेत त्या त्या गावाच्या स्थितीविषयी बोलता येई. वाटेवरील अनेक पाटलांनी सरकारी कामाचे राजीनामे दिले. वृत्तपत्रांना तीन आठवड्यांहून अधिक काळ रोज नवी बातमी मिळत राहिली.

६ एप्रिलला मीठ उचलले गेले, तेव्हा देशाच्या अनेक भागांत सत्याग्रह सुरू होऊ शकला तो या तयारीमुळे. महाराष्ट्रात शिरोडा व वडाळा येथे मिठाचा कायदा मोडला गेला. जेथे समुद्र नव्हता त्या विदर्भात जंगल सत्याग्रह झाला. निरोप पोचायला वेळ लागत होता, परंतु तो पोचवता पोचवताच माणसे जोडली जात होती. प्रचार आणि संघटना ही दोन्ही कामे एकाच वाटचालीत पार पडत होती.

उत्तराखंडातील चिपको आंदोलनाचीही घडण अशीच होती. २६ मार्च १९७४ रोजी रेणी गावातील पुरुष चमोलीला गेले असताना ठेकेदाराचे मजूर जंगलाकडे निघाले. एका लहान मुलीने ते पाहिले आणि धावत येऊन गौरादेवींना सांगितले. महिला मंगल दलाच्या प्रमुख असलेल्या गौरादेवी २७ स्त्रिया व मुलींसह जंगलात गेल्या आणि मजुरांना परतावे लागले. निरोप नेणारे साधन म्हणजे एका मुलीचे पाय. तेवढ्यावर काम भागले, कारण दल आधीच स्थापन झालेले होते आणि झाडांच्या प्रश्नावर दशोली ग्राम स्वराज्य संघाचे कार्य त्या परिसरात आधीपासून चालू होते.

कागदासाठी धरणे

१९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात वृत्तपत्रांवर नियंत्रणे आली, तेव्हा हातोहात फिरणाऱ्या भूमिगत पत्रकांनी बातम्यांची वाट मोकळी ठेवली. पुढच्या काळात चळवळींचा भर सरकारी माहितीवरही येऊ लागला. राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटन हे त्याचे उत्तम उदाहरण होय. देवडुंगरी येथील अरुणा रॉय, निखिल डे व शंकर सिंह यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये ही संघटना उभी राहिली. मजुरांना ठरलेली किमान मजुरी का मिळत नाही, हा तिचा मूळ प्रश्न होता. त्याचे उत्तर हजेरीपटात दडलेले होते आणि हजेरीपट सरकारी कपाटात बंद होता.

डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई झाली. सार्वजनिक कामांचे हिशेब गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचले गेले. अशा सुनावण्यांत मजुरांच्या यादीतील मृत व्यक्तींची नावे आणि केवळ कागदावर पूर्ण झालेली बांधकामे उघडकीस येऊ लागली. कागदपत्रांच्या नकला मिळाव्यात या मागणीसाठी एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर येथे ४० दिवस धरणे धरण्यात आले. शहरवासीयांनी आंदोलकांना अन्नधान्य व पैसा पुरवला. राजस्थानचा माहिती अधिकार कायदा २००० मध्ये झाला आणि देशव्यापी कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अंमलात आला. ज्या नकलेसाठी उन्हात बसावे लागले, ती नक्कल मागण्याचा हक्क कायद्याने सर्व नागरिकांना दिला.

मिस्ड कॉल आणि मैदान

२०११ मध्ये अण्णा हजारे यांच्या लोकपाल आंदोलनाने मोबाइल फोनचा एक नवा उपयोग दाखवून दिला. पाठिंबा असलेल्याने दिलेल्या क्रमांकावर ‘मिस्ड कॉल’ द्यायचा. त्याला खर्च काहीच नाही. परंतु त्याच्या क्रमांकाची नोंद होई आणि पुढील कार्यक्रम त्याला संदेशाने कळवता येई. ऑगस्टमध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर प्रचंड गर्दी लोटली. तथापि या गर्दीतील बहुतेकांचा परस्परांशी पूर्वपरिचय नव्हता आणि पुढे काय करावे याविषयी नेतृत्वात एकमत टिकले नाही. २०१२ मध्ये आंदोलनात फूट पडली. लोकपाल कायदा डिसेंबर २०१३ मध्ये संसदेत मंजूर झाला. पहिल्या लोकपालाची नेमणूक होण्यास मार्च २०१९ उजाडला.

नव्या साधनांचा वेग व्यर्थ असतो, असा याचा अर्थ नव्हे. मथुरा खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले ते १९७९ मध्ये. बलात्कारविषयक कायद्यात दुरुस्ती झाली १९८३ मध्ये. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर मात्र समाजमाध्यमांतून पसरलेल्या हाकेने तरुण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रस्त्यावर आले. न्यायमूर्ती वर्मा समितीकडे सुमारे ८०,००० सूचना आल्या, तिने महिन्याभरात अहवाल दिला आणि एप्रिल २०१३ पर्यंत नवा कायदा झाला. येथे वेग उपयोगी ठरला, कारण कायद्यात नेमके कोणते बदल हवेत याचा विचार स्त्री-संघटनांनी तीन दशके करून ठेवला होता.

दोन्हींचा मेळ

मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी व आदिवासी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर पायी चालत आले. फोड आलेल्या, रक्ताळलेल्या तळपायांची छायाचित्रे मोबाइलवरून घरोघर पोचली. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून मोर्चा रात्रीच चालून आझाद मैदानात दाखल झाला. मुंबईकरांनी अन्न, पाणी व पादत्राणे आणून दिली आणि १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले. मात्र आश्वासनांच्या पूर्ततेसाठी किसान सभेला २०१९ व २०२३ मध्ये पुन्हा मोर्चे काढावे लागले. छायाचित्राने सहानुभूती मिळाली. वनजमिनीचा हक्क सातबाऱ्यावर येण्यासाठी गावोगावची संघटना टिकणे आवश्यक होते.

२०२० च्या शेतकरी आंदोलनात हा मेळ अधिक स्पष्ट दिसतो. २६ नोव्हेंबरपासून सिंघू, टिकरी व पुढे गाझीपूर या दिल्लीच्या सीमांवर शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांसह बसले. त्यांच्याजवळ समाजमाध्यमांवरील खाती होती, तशीच पंजाबी व हिंदीत निघणारे ‘ट्रॉली टाइम्स’ हे छापील पत्रही होते. पोटासाठी लंगर होता. २६ जानेवारी २०२१ च्या ट्रॅक्टर फेरीत हिंसाचार झाल्यावर आंदोलन मोडणार, अशी चिन्हे दिसू लागली. २८ तारखेच्या रात्री गाझीपूर येथे राकेश टिकैत यांना अश्रू अनावर झाले. ती दृश्ये काही तासांत पश्चिम उत्तर प्रदेशात पसरली आणि दुसऱ्याच दिवशी मुझफ्फरनगरला महापंचायत भरली. बातमी मोबाइलने नेली. माणसे जमवली ती पंचायतीच्या जुन्या व्यवस्थेने. त्याच दिवसांत सीमांवरील इंटरनेट बंद करण्यात आले, तरी धरणे चालू राहिले. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी तीन कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा झाली.

नव्या साधनांच्या मर्यादा

समाजमाध्यमांवरील मताला जोखीम नसते, ही समजूतही बरोबर नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मत मांडल्याबद्दल पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. ज्या ६६-अ कलमाखाली अशी कारवाई होत असे, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. इंटरनेट अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येणार नाही, असा निर्वाळा त्याच न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरच्या प्रकरणात दिला. तरीही एका आदेशाने संपूर्ण जिल्ह्याचा आवाज बंद होऊ शकतो. दवंडी देणाऱ्या शेकडो लोकांना गप्प करणे इतके सोपे नव्हते.

दुसरी मर्यादा पोचण्याची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ज्यांनी आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरले होते अशा स्त्रिया सुमारे ३३ टक्के आणि पुरुष सुमारे ५७ टक्के आढळले. केवळ पडद्यावरून दिलेली हाक रेणीसारख्या गावातील किती स्त्रियांना ऐकू येईल, याचा विचार या आकड्यांवरून करता येतो.

जुन्या पिढीला निरोप पोचवण्यासाठी चालावे लागे आणि त्या चालण्यातच संघटना बांधली जाई. आता निरोप क्षणात पोचतो, त्यामुळे संघटना बांधण्याचे काम वेगळे वेळ काढून करावे लागते. गावच्या बैठका, वर्गणी, हिशेब, कायद्याचा अभ्यास, मतभेद मिटवण्याची रीत, या गोष्टी आधी सिद्ध असतील तर मोबाइलचा वेग चळवळीला बळ देतो. त्या नसतील तर लोक लवकर जमतात, आणि पांगतातही तितक्याच लवकर.