खंबाटकीच्या कसोटीवर मोटार

पुण्याहून साताऱ्याकडे येणाऱ्या प्रवाशास शिरवळ आणि खंडाळा मागे पडल्यावर खंबाटकीचा जो चढ लागतो, त्याने गेल्या तीन पिढ्यांतील मोटारींची जितकी निष्ठुर परीक्षा घेतली, तितकी क्वचितच एखाद्या प्रयोगशाळेने घेतली असेल. फियाट किंवा अँबेसडर घेऊन निघालेला सांगलीचा हळदीचा अडत्या असो वा कराडचा वकील, घाटात बॉनेट उघडून उभे राहण्याची तजवीज तो घरून निघतानाच करीत असे. पाण्याचा डबा, जुने फडके, पॉलिश पेपर आणि जादा फॅनबेल्ट हा त्या काळच्या प्रवासाचा सरंजामच होता. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मोटार कण्हत चढू लागली, की इंजिनाच्याच गतीने फिरणाऱ्या पंख्याचा वारा अपुरा पडून रेडिएटरातले पाणी उकळे. इंजिनाला चिकटून बसविलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह खुंटे, आणि मग त्यावर ओले फडके गुंडाळून स्वस्थ बसण्यावाचून गत्यंतर नसे. उतार याहून भयंकर, कारण वारंवार दाबल्याने तापलेले ब्रेकचे ड्रम प्रसरण पावून आतील लायनरची पकड ढिली होई, आणि नेमक्या वळणावर पायाखालचा ब्रेक दगा देई.

या व्याधी एखाद्या चमत्काराने गेल्या नाहीत. दाबाखाली बंदिस्त राहिल्याने उशिरा उकळणारा कूलंट, तापमान पाहून आपोआप सुरू होणारा विजेचा पंखा, थेट टाकीतच बसविलेला पंप, कार्बुरेटरऐवजी इंधनाचे मोजून सिंचन करणारी यंत्रणा, झिजणाऱ्या पॉईंटची जागा घेणारे इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन, उघड्या वाऱ्यात निवणारे डिस्क ब्रेक, अशी एकेका तक्रारीची एकेक तड लावीत मोटार विश्वासार्ह झाली.

या मुलखाचा या कामात हातभार आहे, ही गोष्ट मला विशेष अभिमानाची वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ज्या माळरानावर किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत वसविली, ते माळरान आज सांगली जिल्ह्यात मोडते. १९३७ साली मुंबई इलाख्याचे पहिले प्रधानमंत्री झालेले धनजीशा कूपर यांनी सातारा रोड या गावी लोखंडी नांगरांचा कारखाना चालविला. आणि सांगलीस १९४७ साली निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास पुढे ज्या वालचंद हिराचंदांचे नाव मिळाले, त्यांनीच १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीतून फियाट रस्त्यावर आली. नांगराच्या ओतकामात मुरलेल्या साताऱ्यात आज इंजिनांचे सिलिंडर लायनर तयार होतात. दट्ट्या ज्या नळीत खालीवर होतो तिची आतली भिंत म्हणजे लायनर. ती किंचित जरी वेडीवाकडी झिजली तरी तेल जळते, धूर निघतो, आणि पूर्वी जे दुखणे दर काही वर्षांनी इंजिन रीबोअर करण्यापर्यंत जाई, ते सुरू होते. ही भिंत आता मिलिमीटरच्या सहस्रांशाच्या हिशेबाने घासली जाते. मोटारीची सचोटी प्रथम त्या भिंतीवर ठरते, मग जाहिरातीत.

मात्र सुरक्षिततेचा इतिहास याहून निराळा आहे. बंद पडणारी मोटार मालकाच्या खिशाला रोज जाच करते, म्हणून टिकाऊपणाची मागणी गिऱ्हाईकच करते. अपघात मात्र दुसऱ्याचाच होतो अशी प्रत्येकाची समजूत असल्याने प्राण वाचविणाऱ्या साधनांसाठी सरकारी फर्मानाची वाट पाहावी लागली. निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याचा आसनाचा त्रिबिंदू पट्टा १९५९ पासून व्होल्वोच्या मोटारींत होता, आणि त्याचे एकस्व कंपनीने सर्वांना खुले केले होते. आपल्याकडे पुढील आसनांना पट्टे सक्तीचे झाले ते १९९४ साली. २०१४ च्या जानेवारीत मोटारींची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्या लोकप्रिय लहान मोटारी ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळविल्या, तेव्हा प्रौढांच्या संरक्षणासाठी पाचांपैकी एकीलाही एक तारा मिळाला नाही. त्यानंतर मात्र चक्रे फिरली. २०१७ पासून नव्या नमुन्यांना आघातचाचणी बंधनकारक झाली, २०१९ पासून चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आणि चालकाची एअरबॅग आली. २०१८ च्या डिसेंबरात रांजणगावी बनणाऱ्या टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळविले, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपचा अंमल सुरू झाला.

जुने लोक अजून म्हणतात, की पूर्वीचा पत्रा जाड होता, धडकेत मोटारीला काही होत नसे. मोटारीला होत नसे हे खरेच; परंतु तो सारा आघात आतल्या माणसाच्या बरगड्यांवर जाई. आधुनिक मोटारीचे नाक चुरगळावे अशीच त्याची रचना असते. त्या चुरगळण्यात धडकेची शक्ती खर्ची पडते, आणि कठीण पोलादाचा मधला पिंजरा अभंग राहतो. चुरा झालेले बॉनेट पाहून निर्मात्यास दूषण देणे हा म्हणूनच मोठा अन्याय होय.

तरीही काही उणिवा मोटारीच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर लागणाऱ्या नागमोडी वळणाने किती तरी बळी घेतले, आणि त्यावर उपाय म्हणून तेथे सहापदरी नव्या जुळ्या बोगद्यांचे काम हाती घ्यावे लागले. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात ज्या अपघातात गेले, ती मोटार उत्तमांपैकी होती, परंतु मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते. आमच्याकडे लग्नसराईत सांगली-साताऱ्याच्या रस्त्यावर धावणाऱ्या कितीतरी मोटारींत मागच्या आसनाचे पट्टे अजून गादीखाली दडपलेले असतात; ते बाहेर काढण्यास कोणत्याही कारखान्याची गरज नाही, आणि कायदाही त्यासाठी केव्हाच झालेला आहे.