जांभळं झाडाखाली उभं राहून खा!

परवा डोंबिवलीची भाचरं बदलापुरात खरवईला आमच्याकडे आली. "मामा, जांभळं तर ॲपवर मिळतात," म्हणाली. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत सगळ्यांना जांभळांसाठी घराबाहेर काढलं.

बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे, हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहोर, मेअखेरीस फळ. जोराचा पाऊस लागला की हंगाम आटोपलाच.

जांभूळ तोडल्यावर पिकत नाही. त्यामुळे तांबूस फळं घरी नेऊन उपयोग नाही. काळंभोर, हात लावताच देठापासून सुटणारं तेच घ्या.

पोरांना झाडावर चढवू नका. जांभळाची फांदी ठिसूळ, कडकन मोडते. त्यापेक्षा जुनी साडी चौघांनी चार टोकांना धरायची, एकाने काठीने फांदी हलवायची. आमच्याकडे आजीनेही एक टोक सोडलं नाही! वटवाघळांनी कुरतडलेली फळं मात्र टाकून द्या. आणि कपडे जुनेच घाला.

झाड कुणाचं आहे ते आधी विचारा. झाड नाही सापडलं, तर पानाच्या द्रोणात जांभळं विकणाऱ्या आदिवासी मावशींकडून घ्या, घासाघीस न करता.