क्वांटमचे कुलूप आणि व्यापाऱ्याची अमानत

बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची जुनी रीत आपल्या व्यापारी बंधूंना ठाऊक आहे. सौदा चाललेला सर्वांना दिसतो, भाव मात्र दोघांनाच कळतो. बँकेचे व्यवहार आज असेच चालतात. निरोप उघड्या तारेवरून जातो, पण त्याला गणिताचे कुलूप असते.

कुलूप फोडण्याची विद्याही जुनीच. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी यांनी त्यावर रिसाला लिहिला. गुप्त मजकुरात कोणती खूण किती वेळा येते ते मोजावे आणि भाषेत वारंवार येणाऱ्या अक्षरांशी ताडून पाहावे, ही त्यांची युक्ती होती.

१९७७ साली निघालेले आरएसए हे कुलूप असे मोजून फुटत नाही. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणे महाकठीण, यावर ते उभे आहे. १९९४ साली पीटर शोर यांनी दाखवून दिले की, पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे काम झपाट्याने करील. तेवढा मोठा संगणक अजून बनलेला नाही. परंतु आज चोरलेला कुलूपबंद मजकूर जपून ठेवून उद्या उघडता येईल. खरा धोका हाच आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, बेनेट व ब्रासार्ड यांनी १९८४ साली सुचवलेला. यात कुलपाची किल्ली प्रकाशकणांवरून पाठवतात. मध्येच कोणी कण मोजला तर त्यात बिघाड होतो. दोन्ही बाजू थोडा नमुना ताडून पाहतात. चुका फार आढळल्या तर ती किल्ली टाकून देतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल अशी किल्ली पाठवण्यात आली. अंतर १०० किलोमीटरहून अधिक. दुसरा उपाय नव्या गणिताचा. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अशी तीन मानके जाहीर केली. ती साध्या संगणकावरही चालतात.

तेव्हा 'क्वांटम'च्या नावाने कोणी महागडे यंत्र गळ्यात मारू लागला तर सावध राहावे. फोन व बँकेचे ॲप वेळोवेळी अद्ययावत करावे. रंगाचा नुस्खा, भागीदारीचा करार असे वर्षानुवर्षे गुप्त राहावेत असे कागद शक्यतो हातोहात द्यावेत. आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. किल्लीच दुसऱ्याच्या हाती दिली, तर कोणतेही कुलूप आपली अमानत राखू शकणार नाही.